लोखंडाला गप्प करणारं मशीन

हिल्डा प्रॉथेरोने अकरा वर्षांत मातीत खुरपं घातलं नव्हतं. त्याआधीची वीस वर्षं मात्र तिचा एकही रविवार घरात गेला नसेल. आठवडाभर शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरांसाठी बटाटे कुस्करायचे आणि रविवारी धातू शोधणारं डिटेक्टर मशीन खांद्याला लावून बागेत नाहीतर रानात जुनी नाणी शोधायची. आमच्या हॅझलबरोच्या क्लबात तिच्याइतके चांदीचे सिक्सपेन्स कुणालाच सापडले नव्हते, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना ऐकवायची.

मग एका रविवारी तिने कॉपर्स वुड नावाच्या रानातून एक गंजकं नळकांडं उचललं. बसच्या मागच्या बाकावर मांडीवर ठेवून घरी आणलं, सिंकमध्ये ठेवलं आणि भांड्यांच्या ब्रशने घासायला घेतलं. गंज निघाला तशी शेपटीची पाती दिसली. युद्धाच्या काळात तिथे सैनिक सराव करायचे, त्यांच्या उखळी तोफेचा गोळा होता तो, आतली दारू शाबूत. हिल्डाने नळसुद्धा बंद केला नाही. पाणी वाहतं ठेवून नवऱ्याला दंडाला धरलं आणि बाहेर पडली. लष्कराच्या लोकांनी गल्ली रिकामी केली, गोळा नेला, कुणाला खरचटलं नाही. पण बसमध्ये शेजारी एक तान्ही मुलगी आईच्या मांडीवर होती, आणि ती ते नळकांडं हाताने थोपटत होती. हे हिल्डाने मला एकदाच सांगितलं. पुन्हा विचारलं तर उठून गेली.

त्या प्रकारानंतर नगरपालिकेने कॉपर्स वुड आमच्यासाठी बंद केलं. ते मी उघडून घेतलं. वकील नाही, साहेब नाही; वाचनालयात बसून त्यांचेच नियम वाचले आणि त्यांच्याच तोंडावर फेकले. दोन वर्षं लागली. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी क्लबची चाळीस माणसं तिथे नाणी शोधणार, अशी लेखी परवानगी माझ्या हातात आली. सोबत रान तपासून उरलेले गोळे काढल्याचा कागदही होता.

हिल्डा म्हणाली, "रद्द कर, जॅनिस."

"डोकं फिरलंय का तुझं? दोन वर्षं घासली मी."

"चाळीस माणसं, चाळीस खुरपी. कागदावर मी नाही विसंबणार."

"तुझी भीती तुझ्यापाशी ठेव. सगळ्यांच्या गळ्यात कशाला मारतेस?"

बोलायला नको होतं, पण बोलले. तीन दिवस फोन नाही. चौथ्या दिवशी आला. "मला नवं मशीन घ्यायचंय. रविवारच्या आधी मीच रानात चालून बघते. तूही चल. दुकानदाराशी भांडायला कुणीतरी हवं ना."

तिला तेवढं तरी माझं कौतुक होतं.

दुकान क्लाइव्ह सटनचं. त्याने काउंटरवर फळी ठेवली, तिच्यावर एक पेनी, एक खिळा आणि डब्याची कडी मांडली आणि सगळ्यांत चकचकीत मशीन वरून फिरवलं. पेनीवर गोड सूर वाजला, पडद्यावर धातू ओळखणारा आकडा आला. खिळ्यावर काहीच नाही.

"बघा, खिळा गप्प," क्लाइव्ह म्हणाला. "आमच्या बागांत एका नाण्यामागे शंभर खिळे. कान किटतात. हे मशीन लोखंडाचं तोंडच बंद करतं."

"मला लोखंड ऐकायचंय," हिल्डा म्हणाली.

"अहो बाई, लोखंड ऐकायला कोण पैसे देतं? लोहाराशी लग्न केलंय का?"

"नवरा पोस्टमन होता. आणि तू जन्माला यायच्या आधीपासून मी सिक्सपेन्स काढतेय. गप्प न करणारं दाखव."

क्लाइव्हने तोंड वाकडं करून कोपऱ्यातलं एक जुनाट बनावटीचं मशीन काढलं. पडदा नाही, आकडे नाहीत. चांगल्या धातूवर पातळ सूर, लोखंडावर घोगरी कुरकुर, बस. मला ते चकचकीतच आवडलं होतं, आणि तसं मी तोंडावर सांगितलं. शेवटी मी क्लाइव्हशी हुज्जत घालून दुपारपुरती दोन्ही मशीनं मागून घेतली. तारणाला माझ्या गाडीची किल्ली त्याच्याकडे. दोघी बसने गेलो. मागच्या बाकाकडे हिल्डाने पाहिलंही नाही, पुढे दांडी धरून उभी राहिली.

कॉपर्स वुडमध्ये नेच्याची झुडपं वाळून तांबूस झाली होती. ऊन होतं, पाखरं होती, घाबरण्यासारखं काही नव्हतं. चकचकीत मशीन मी घेतलं. कानांत शांतता. जमीन एकदम साफ वाटत होती. मी मागे वळून म्हणाले, "ऐकतेस का? काही नाही इथे. उगाच जीव खाल्लास."

हिल्डा दहा पावलं मागे, अगदी हळू. तिने कानावरचा हेडफोन काढून माझ्याकडे धरला. घोगरी कुरकुर, एकसारखी, प्रत्येक पावलाला.

"खिळे असतील," मी म्हणाले.

"रानात कुणाचं घर होतं? कुणी ठोकले खिळे?"

मी चिडले होते. पुढे गेले, आणि एका ओकच्या मुळाशी माझ्या मशीनने असा सूर काढला की अंगावर काटा आला. पडद्यावर चांदीचा आकडा, स्थिर. मी गुडघे टेकले आणि खुरपं घातलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा खट्ट झालं.

"हात काढ." हिल्डाचा आवाज खाली आला होता. "हळू. ओढू नकोस, नुसता सोड."

मी खुरपं सोडलं. तिने तिच्या मशीनच्या दांडीखालची तबकडी त्या जागेवर धरली आणि वर उचलायला लागली. वीतभर. वाजतंय. हातभर. वाजतंय. गुडघ्याच्या वर गेली तरी वाजतंय.

"नाणं इतक्या उंचावर ऐकू येत नाही, जॅनिस. वीतभर उचललं की आवाज मरतो. हे मोठं लोखंड आहे. मोठं लोखंड तुझ्या पडद्याला फसवतं, चांदी म्हणून ओरडतं. आणि बाकीचे लोखंडाचे तुकडे तुझ्या मशीनने तुला ऐकूच दिले नाहीत."

गुडघ्याखालच्या मातीत आणखी काय असेल ते कळत नव्हतं. मी मोर्च्यांत गेलेय, तिथे लाठी समोर असते, माणूस दिसतो, त्याच्या डोळ्यांत बघून शिवी देता येते. इथे शिवी कुणाला देणार?

"आलीस त्याच पावलांवर पाय ठेव," ती म्हणाली. तिने माझं मनगट धरलं. नेच्याच्या मोडलेल्या काड्या बघत आम्ही उलट्या चालत निघालो. चाळीसएक पावलं असतील. त्या वेळात ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा पुटपुटत होती, "पाणी चालू आहे, पाणी चालू आहे." आपण बोलतोय हे तिला माहीतही नसावं.

पोलिसांना फोन केला, मग लष्कराची माणसं आली. तिन्हीसांजेच्या आधी त्यांनी तो गोळा जागेवरच उडवला. रस्त्यावर उभ्या असलेल्या आमच्या पायाखाली जमीन हलली. त्यांचा सार्जंट म्हणाला, "खुरप्याची खूण टोपीपासून बोटभर लांब होती." कोणती टोपी ते मी विचारलं नाही. हिल्डाने विचारलं. "जिच्यावर ठोका बसला की गोळा फुटतो ती," तो म्हणाला, आणि हिल्डा खाली बसली.

त्या संध्याकाळी मी चाळीस फोन केले. एकजण हसला, "घाबरलीस काय गं, जॅनिस? तूसुद्धा?"

"हो. घाबरले. येशील तर तुझी तंगडी मोडीन."

परवानगीचं पत्र मी नगरपालिकेला परत पाठवलं. सोबत चार पानांचं भांडण पाठवलं: आधी लष्कराकडून पूर्ण रान तपासून घ्या. त्याचं उत्तर अजून यायचंय.

घोगरं मशीन हिल्डाने विकत घेतलं. ज्या रविवारी आम्ही रानात जाणार होतो, त्या सकाळी ती मला गावातल्या बागेत घेऊन गेली, बाकांच्या मागच्या हिरवळीवर. पातळ सूर वाजला. तिने तबकडी वीतभर उचलली, सूर मेला. पुन्हा खाली, पुन्हा वर. सात वेळा तरी केलं असेल. मग गुडघे टेकले, खुरपं बाजूला ठेवलं आणि बोटांनी माती काढायला लागली. दोन इंचांना अर्धा तास. मी मदतीला वाकले तर म्हणाली, "लांब उभी राहा."

शेवटी चिमटीत काहीतरी धरून तिने हात अंगापासून जितका लांब करता येईल तितका लांब केला आणि मान दुसरीकडे वळवली.

"नाणंच आहे ना? बघून सांग."

पुढे जाऊन पाहिलं. झिजलेली पेनी, राजाचं नाकही पुसलेलं.

"नाणंच आहे, हिल्डा."

"नीट बघ," ती म्हणाली. हात तसाच ताणलेला होता.