पाचातली एक सूचना

मावशींचं शिवणाचं दुकान म्हणजे एक खोली, दोन मशिनं आणि कापडाच्या ढिगात बसलेला एक जुना संगणक. गिऱ्हाइकाची मापं त्यात घातली की बेतायचा नमुना कागदावर छापून मिळे. हे सॉफ्टवेअर कुठल्या कंपनीचं नव्हतं. ठिकठिकाणच्या हौशी लोकांनी फावल्या वेळात ते घडवलं होतं आणि सगळ्यांना फुकट वापरायला दिलं होतं. वर्षभर वापरल्यावर मावशींना आपलीच लाज वाटली आणि त्यांनी एक काम मागून घेतलं.

काम होतं सॉफ्टवेअरच्या वेबसाइटच्या माथ्यावरच्या पट्टीचं. पट्टीत पाच सूचना आळीपाळीनं येत. पान उघडलं की एक, पुन्हा उघडलं की दुसरी. 'नवी आवृत्ती आली', 'भाषांतराला माणसं हवीत', 'संमेलनाला या', असं काहीबाही. लोक निबंध पाठवत. मावशी कात्री चालवून त्याचे पाच-सहा शब्द करत. शिवाय त्यांनी एक नियम घातला होता. पाचही सूचनांना सारखाच वाटा, कुणाचाही लाड नाही. त्याआधी जो तो आपलीच सूचना पुढे रेटायचा आणि रोजची भांडणं व्हायची. नियम आल्यापासून सगळं शांत होतं. दिसेल त्यावर शंका काढणारा, म्हणून सगळे ज्याला शंकासुर म्हणत, तोही या नियमापुढे गप्प बसला होता.

एका सोमवारी निरोप आला. सॉफ्टवेअरमधला वाकलेल्या पाठीच्या माणसांच्या कपड्यांचा विभाग सांभाळणाऱ्या गृहस्थांना जुळं झालं होतं. आता त्यांना श्वास घ्यायला सवड नव्हती. शनिवारपर्यंत दुसरं कुणी पुढे आलं नाही, तर नव्या आवृत्तीतून तो विभाग गळणार होता.

मावशींच्या दादाची पाठ घड्याळं दुरुस्त करता करता पार वाकली होती. तयार शर्ट मागून कमरेवर चढे आणि पुढून मांड्यांवर लोंबे. लोक बघतात म्हणून त्यानं वाचनालयात जाणं सोडलं होतं. या विभागातून काढलेल्या नमुन्यावर शिवलेला शर्ट अंगात आला, तेव्हा कुठे तो पुन्हा घराबाहेर पडला. दादाची पाठ अजून वाकतच होती, म्हणजे दर वर्षी नवा नमुना लागणार.

'वाकलेल्या पाठीच्या नमुन्यांना सांभाळणारं माणूस हवं.' मावशींनी सूचना लावली. बुधवार उजाडला तरी कुणी फिरकलं नाही.

"मावशी, वाटा वाढव ना तिचा," वेबसाइट सांभाळणारी भाची म्हणाली. "एक आकडा तर बदलायचा. कोणाला कळतंय?"

"नियम माझाच आहे गं."

"मग मोडायला परवानगी कोणाची हवी?"

मावशींनी हो-नाही करत आकडा बदलला. आता पट्टीत जवळजवळ दर वेळी तीच सूचना. गुरुवारी संध्याकाळी भाची धावत आली, तिचा चेहरा उतरलेला.

"मावशी, घोळ झाला. लोक फुली मारताहेत."

पट्टीच्या कोपऱ्यात एक फुली होती. ती दाबली की पट्टी महिनाभर दिसायची नाही. कुणाला जाच नको म्हणून मावशींनीच ती आग्रहानं बसवून घेतली होती. तीच ती सूचना पाहून लोक कंटाळले होते आणि निम्म्यांनी पट्टीच मिटून टाकली होती. संमेलनाची सूचनाही त्याबरोबर बुडाली.

मावशींनी आधी आकडा पूर्ववत केला. मग सगळ्यांच्या गप्पांच्या पानावर लिहायला बसल्या. या वेळी शब्द मोजले नाहीत. नियम मी मोडला, पोरीला बोल लावू नका, संमेलनवाल्यांची माफी मागते, असं लिहिलं. का मोडला तेही लिहिलं: दादा, त्याची पाठ, त्याचं वाचनालय.

संमेलनवाले चिडले. "आम्हाला एक न्याय आणि तुम्हाला दुसरा?"

शुक्रवारी सकाळी त्याच पानावर शंकासुर अवतरला. "शर्ट मागून चढतो म्हणजे नेमका किती? खांद्यापासून की मानेपासून?"

"मानेपासून. चार बोटं."

"बोटं कोणाची?"

"माझी. आणखी कोणाची असणार?"

"असं चालणार नाही. हा विभाग मुळात कच्चाच आहे, बसलेल्या माणसाचं माप घेतलेलंच नाही. इतके दिवस कोणी बोललं कसं नाही?" आणि त्याखालीच आणखी एक ओळ, "मी घेतो. पण मला मापं हवीत. खरी, सेंटिमीटरमध्ये."

शनिवारी नवी आवृत्ती आली, विभागासकट. त्या वेळी दादा दुकानातल्या स्टुलावर बसला होता आणि मावशी त्याच्या पाठीला टेप लावून उभ्या होत्या.

"अगं, किती वेळा मोजशील? कालपासून ही सतरावी खेप!"

"हलू नकोस दादा. त्याला आता वाकून बूट घालतानाचं माप हवंय."

"कोण हा छळवादी?"

"तुझा नवा शिंपी," मावशी म्हणाल्या. "वाक बघू जरा."