गच्चीवरची दोरी

नानांच्या प्रत्येक मॉडेलच्या गच्चीवर कपडे वाळत असायचे. नकाशात ते कुठेच नसत. काळ्या दोऱ्याची दोरी आणि तिच्यावर पतंगाच्या कागदाचे नखाएवढे शर्ट, टॉवेल. नाना मूळचे चांदवडचे. म्हणायचे, "माणसं ऱ्हायला आलीत, येवढं तरी दिसलं पायजे ना."

नाशिकला द्वारका चौकाजवळच्या त्यांच्या दोन खोल्यांत बिल्डरांसाठी इमारतींची छोटी मॉडेलं बनत. मी तिथं सात वर्षं काम केलं. एकदा एक बिल्डर वैतागला, "नाना, एवढ्या भारी टॉवरवर चड्ड्या कसल्या वाळवता?" नाना कटरचं पातं बदलत होते. मान वर न करता म्हणाले, "मग साहेब, तुमची गिऱ्हाइकं काय ओलीच फिरणार का?" बिल्डर हसला. दोरी राहिली.

पातं ते सारखं बदलत. "बोथट पातं जोर करायला लावतं, अन् जोर केला की काम गेलं."

लंडनच्या मॉडेल स्टुडिओतल्या नोकरीची जाहिरात त्यांनीच मला दाखवली. "माझ्यापाशी होतं ते शिकून झालं तुझं. जा आता." अर्जासोबत पाठवायचे फोटो काढताना मॉडेलमागे पांढरी चादर धरून तेच उभे राहिले. "सोता केलेलंच दाखव हां," एवढं मात्र बजावलं.

फोटोतली मॉडेलं माझ्याच हातची होती. दोरी तेवढी नानांची. मुलाखत घेणाऱ्या बाई माझं कापकाम, जोडकाम भराभर बघत गेल्या आणि दोरीपाशी थांबल्या. ही कल्पना कुणाची, असं त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "माझी."

नोकरी मिळाली. नानांनी सगळ्या गल्लीत पेढे वाटले.

लंडनमध्ये ती दोरी माझी खूण झाली. दर सुट्टीत नानांना सांगायचं ठरवून नाशिकला यायचो आणि चहा पिऊन परत जायचो. शेवटच्या भेटीत त्यांनी स्वतःच मोबाइल मागितला. चष्मा कपाळावर सरकवून, दोन बोटांनी माझ्या तिथल्या मॉडेलचा फोटो मोठा करून ते बराच वेळ बघत राहिले.

"नाना, ही दोरी... तिथं सगळे ती माझीच..."

"कळलं मला," ते म्हणाले. "पण लय ताणून बांधली तू. ओल्या कपड्यांनी दोरीला झोळ पडतो. जरा सैल सोड."

गेल्या वर्षी नाना गेले. आता मी दोरीला झोळ देतो. परवा त्याच बाई मॉडेलजवळ थांबून म्हणाल्या, हल्ली ही दोरी अगदी खरी वाटते.

नानांचं नाव ओठांपर्यंत आलं होतं. मी आभार मानले.