पन्नास टर्नांचा जावई

काळुरामकाका काळजीत पडले की त्यांचा उजवा गुडघा हलतो. काळजी जितकी मोठी तितका जोरात. मी त्यांची पुतणी, नकला करणारी; त्यांची नक्कल करायची तर सुरुवात आवाजापासून नाही, गुडघ्यापासून करावी लागते. त्या रविवारी तो असा हलत होता की टीपॉयवरच्या कपबश्या वाजत होत्या, आणि सुमित साळवे अजून लिफ्टमध्येच होता.

सुमितशी लग्न करायचंय असं प्राचीताईने, म्हणजे काकांच्या मुलीने, दिवाळीतच सांगून टाकलेलं. दोघं वागळे इस्टेटला एकाच ऑफिसात. तो शहाडचा, साळवे, म्हणजे बौद्ध. आम्ही बाळकुमचे आगरी. यावर घरात कुणी एक शब्द बोललं नाही, आणि तोच सगळा घोळ होता. काका हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. रमाबाई आत्याने, म्हणजे काकांच्या थोरल्या बहिणीने, त्यांना बाजूला घेऊन सांगितलेलं, नाय म्हन आनि मोकला हो. पण नाही म्हटलं की का ते सांगावं लागतं. ते कारण पोरीच्या तोंडावर सांगायची काकांची हिंमत नव्हती, आणि हो म्हणून भावकीत तोंड दाखवायचीही नव्हती. या दोन तोंडांच्या मध्ये त्यांचं स्वतःचं तोंड चार महिने बंद होतं.

मग एका रात्री जेवताना ते एकदम म्हणाले, त्या पोराला घेऊन ये. माझ्याशी गेम खेळू दे. "मानूस पयल्या पन्नास टर्नमधीच कलतं."

गेमचं असं की दोन वर्षांपूर्वी काकांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं (डाव्या, हलतो तो उजवा). पडल्या पडल्या ते सगळ्यांना ओरडत राहायचे, म्हणून त्यांच्या मुलाने, बंटीदादाने, लॅपटॉपवर राज्य उभारायचा एक गेम टाकून दिला आणि स्वतः नोकरीला पुण्याला गेला. गुडघा बरा झाला, गेम राहिला.

तो साधाच आहे. सुरुवातीला हातात एक बैलगाडी आणि एक भालेवाला. बैलगाडी उतरवाल तिथे गाव वसतं. एक चाल तुमची, एक समोरच्याची, त्या प्रत्येक फेरीला टर्न म्हणायचं. गाव धान्य पिकवतं, नवीन बैलगाड्या किंवा नवीन भालेवाले तयार करतं, गाड्या पुढे जाऊन आणखी गावं वसवतात आणि असं करत राज्य होतं. पुढे तोफा येतात, आगगाड्या येतात, पण काकांच्या मते तोवर सगळं ठरून गेलेलं असतं. सुरुवातीला ज्याने जमीन धरली तो राहिला. नंतरचं काय, नंतर नुसतं बटण दाबायचं आणि जांभया द्यायच्या.

म्हणून त्यांची पद्धत एकच. पहिल्याच टर्नला गाव, मग गाडी, मग परत गाडी. भालेवाला बनवण्यात वेळ घालवायचा नाही. "जागा धर, मानूस मागनं येल." गावांना नावं आमच्या आजोबांच्या शेतांची: मोठी खार, वडाची वाडी, उंबरखाचर. खरी शेतं आता टॉवरच्या पोटात गेली. मोठ्या खारीवर तर आमचीच विंग उभी आहे, काका तिच्यावर सातव्या मजल्यावर बसून मोठी खार वसवतात.

प्राचीताईला परीक्षेतली मेख लगेच कळलेली. सुमित हरला तर काका म्हणणार, पोराला जमत नाय, आणि जिंकला तर म्हणणार, पोराला मान ठेवता येत नाय. कसंही झालं तरी खरं कारण तोंडातून न काढता नाही म्हणता येणार. तिने फोनवर सुमितला एवढंच बजावलेलं, मुद्दाम हरू नकोस, बाबांना कॅरममध्येसुद्धा कळतं.

सुमित आला. इस्त्रीचा शर्ट, हातात मोसंब्यांची पिशवी. पेढे न्यावेत तर आगाऊपणा, रिकाम्या हाताने यावं तर उद्धटपणा, म्हणून मोसंबी; जसे काय काका ॲडमिट होते. सरोजकाकीने कांदेपोहे केले. बघण्याचा कार्यक्रम मुलाचा होता, त्यामुळे ते त्यानेच ट्रेमधून आणायचे तेवढे राहिले. आत्या आधीच गावठाणातून येऊन सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेली. गंमत बगाया आयले, म्हणाली. चेहरा मात्र दहाव्याला आल्यासारखा.

लॅपटॉप एकच, त्यामुळे एकाची चाल असताना दुसऱ्याने तोंड फिरवायचं. काकांनी एकवीरेच्या फोटोकडे, सुमितने गॅलरीकडे. आम्ही बघणारे मात्र मध्ये, आम्हाला दोघांचंही सगळं दिसणार. यापेक्षा शिक्षा नाही.

काकांनी पहिल्याच टर्नला गाव वसवलं. सुमितने नाही वसवलं. त्याने गाडी डोंगराच्या कडेने पुढे नेली. पुढच्या टर्नला आणखी पुढे. काकांनी विचारलं, गावाचं नाव काय ठेवलंस? तो म्हणाला, अजून उतरलो नाही काका, नदी बघतोय.

"आरं उतर ना. जमीन काय तुजी वाट बगत बसनार हाय?"

आत्या हसली. आमच्यात हे हसायचं वाक्य आहे, कारण बाळकुमात असं थांबलेल्यांच्या जमिनी कशा गेल्या ते सगळ्यांना माहीत आहे. प्राचीताई ओढणीचं टोक चावायला लागली. शेवटी सुमित नदीकाठी उतरला, आणि पहिली गोष्ट काय बनवली, तर आणखी एक भालेवाला. काका एकवीरेकडे तोंड करून होते, पण आत्याने सांगायचं ते सांगितलंच, म्हणजे बोलली नाही, नुसतं च्च केलं.

खेळ निम्म्यावर आला तेव्हा काकांची चार गावं होती आणि सुमितची दोन. काकांचा गुडघा जवळजवळ थांबलेला. पोह्यांवर त्यांनी स्वतःहून लिंबू मागून घेतलं, सुमितला म्हणाले, खा रे, लाजू नकोस. त्यांचा आवाज इतका मोकळा झालेला की मला भीती वाटली. चार महिन्यांनी माणसाला सुटका दिसत होती. पोरगं चांगलं हाय पन ढिलं हाय, हे वाक्य त्यांच्या जिभेवर तयार होतं, मला ऐकू येत होतं.

मग उत्तरेकडून घोडेस्वार आले.

गेममध्ये लुटारू असतात, कुणाचेच नसतात. दोन्ही खेळाडूंची चाल झाली की ते हलतात आणि रिकामं गाव दिसलं की जाळून टाकतात. काकांची चारही गावं रिकामी होती; सुरुवातीचा एकुलता भालेवाला जमीन शोधत लांब गेलेला. घोडेस्वार उंबरखाचरापासून पटावरची दोन घरं लांब येऊन थांबले. काकांनी स्क्रीन पाहिली आणि कपबश्या परत वाजायला लागल्या. भालेवाला तयार करायला दिला, पण त्याला तीन टर्न लागणार होते आणि घोड्यांना एक. त्यांनी चाल संपवली, खुर्ची फिरवली आणि हात जोडल्यासारखे करून मांडीत ठेवले.

सुमितची पाळी. उंबरखाचराला लागून त्याचा भालेवाला उभा होता. तो घोड्यांवर घातला असता तर मेला असता, कारण मोकळ्या रानात एक भाला दोन घोड्यांपुढे टिकत नाही. काहीच केलं नसतं तर गाव जळलं असतं, दोष काकांचा, सुमितचं नाव कुठेच आलं नसतं. तिसरी वाट म्हणजे रिकाम्या गावात शिरून ते आपलं करायचं. दोघांत तह झालेला नव्हता, म्हणजे नियमात बसत होतं. पण बाळकुमच्या आगऱ्याच्या घरी बसून, त्याच्या बापाचं शेत, त्याची पोरगी मागायला आलेल्या माणसाने घ्यायचं.

सुमितने माऊस सोडला, तळहात पँटला पुसला. प्राचीताईकडे पाहिलं. ती मोसंब्यांकडे बघत होती. आत्यासुद्धा पाय खाली सोडून पुढे सरकली.

"काका," तो म्हणाला, "हे उंबरखाचर खरं कुठे होतं?"

काकांनी मान फिरवली नाही. "खारीच्या अंगाला. आता तित्तं स्विमिंग पूल हाय."

"बरं," सुमित म्हणाला, आणि क्लिक केलं.

गाव घेतलं की गेम ढोल वाजवतो. काकांचं पिवळं उंबरखाचर सुमितचं निळं झालं. काकांनी खुर्ची फिरवली तोपर्यंत घोडेस्वारही चालून आलेले. ते गावावर आदळले, आत भालेवाला होता, कुंपण होतं, एक घोडा पडला, दुसरा मागे पळाला. गाव उभं राहिलं. निळं.

सरोजकाकीने चहा टाकू का असं विचारलं, आणि उत्तर न घेताच आत गेली.

काकांनी चार महिन्यांत जे दिलं नव्हतं, ते नाही म्हणायचं कारण आत्याला आता आयतं सापडलेलं. तिने आवाज अजिबात चढवला नाही. "बग. आज गाव घेतलंन, उद्या घर घेल. बोल आता."

सुमितचा चेहरा उतरला. त्याने फक्त काकांकडे बघून सांगितलं, "रिकामं होतं, काका. तुमचा माणूस वेळेत पोचला नसता. त्यांनी जाळलं असतं." पुढे काही जोडलं नाही. माफी मागितली नाही, परत देतो म्हणाला नाही.

काका स्क्रीनकडे बघत राहिले. गुडघा थांबलेला, पूर्ण. त्या वेळची त्यांची नक्कल मी पुष्कळदा करून पाहिली आहे, जमत नाही, कारण करायला काही नव्हतंच. नाही म्हणायला इतकी चांगली संधी त्यांना परत मिळाली नसती, आणि तीही खरं कारण न उच्चारता.

"आक्का," ते म्हणाले, "तित्तं मीच मानूस ठेवला नवता."

आत्या म्हणाली, खेल अजून संपला नाय, पन्नास कुठं झालं. काकांनी लॅपटॉप मिटला. बास झालं, म्हणाले. मग सुमितला विचारलं, आईबापाला कवा आनशील.

सुमितला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याचा आवाज दहावीतल्या मुलासारखा फाटला, पुढच्या रविवारी चालेल का म्हणाला. प्राचीताई उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिथे नळ बराच वेळ वाहत राहिला.

आत्याने चहाला हात लावला नाही. चपला पायात सरकवल्या आणि दार उघडलं. घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं की ती सरळ घरी जाणार नाही. वाटेत विठ्ठलतात्यांचा ओटा, भावकीत शब्द त्यांचा, आणि तिथे संध्याकाळी सगळी थोरली माणसं बसलेली असणार. बातमी पोचेल तेव्हा ती आत्याच्या शब्दांत पोचेल, आणि ते शब्द एकदा ओट्यावर पडले की उचलायची सोय नाही.

काकांनीही चपला घातल्या. तुना कोनी सांगितलंय येवाला, असं आत्या म्हणाली. काका तिच्यासोबत लिफ्टमध्ये शिरले. मीही शिरले, असं काही चुकवणं माझ्या स्वभावात नाही. गेटपासून गावठाणापर्यंत आत्या बोलत होती. आजोबांचं नाव घेतलं, आजीचं घेतलं, बंटीदादाला आता कोण मुलगी देणार ते विचारलं. काका फक्त तिच्या पुढे जात नव्हते आणि मागेही राहत नव्हते. शर्ट पाठीला चिकटलेला.

ओट्यावर तात्या तंबाखू मळत होते, बाजूला चार-पाच जण. आत्याने पदर सारखा केला आणि तोंड उघडलं.

"प्राचीचं जमवलंय," काका तिच्या आधी म्हणाले. "शहाडचं पोरगं हाय. साळवे. बौद्ध हायती." एका श्वासात, तोंडपाठ केल्यासारखं.

तात्यांचा अंगठा तळहातावर फिरत राहिला. बाजूच्याने डब्बी मिटवली. ये, बस, असं कुणी म्हणालं नाही. आत्या थोडी थांबली आणि आपल्या घराच्या दिशेने निघाली. वळणावर जाऊन तिने हाक मारली, काळ्या, चल, आता काय उबा राहिलास.

काका हलले नाहीत. तात्यांच्या तोंडाकडे बघत ओट्यासमोर उभेच राहिले.