नवस माझा, पाय तिचे

यमुना गेल्याचा फोन सकाळी आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. सूप खाली ठेवलं आणि वडखळहून रिक्षा करून डोलवीला तिच्या घरी गेले. रडू आलं नाही. महिना झाला, अजून आलेलं नाही.

धरमतरच्या मिठागरात आम्ही दोघींनी तरुणपणी मिठाच्या पाट्या वाहिल्या. म्हातारपणी तिला शुगर झाली, पायांना काही कळेनासं झालं. गेल्या पावसाळ्यात तर तापानं शुद्धच हरपली. तेव्हा मी गावदेवीसमोर बोलून बसले, ही उठली तर नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहील. ती उठली. नवस ऐकून हसली.

"माझे पाय देवीला देऊन आलीस व्हय? तुझे कुठं गेले व्हते?"

"माझे गुडघे दुखतात," मी म्हटलं. दुखत होतेच.

नवरात्रात एके दुपारी आमची जुनी मैत्रीण, रोह्याची हमीदा, बांगड्या घेऊन आली. तिलाही शुगर. यमुनाचे उघडे पाय बघून चिडली. "चपला घाल गो. आमच्यात आजाऱ्याला रोजा माफ हाय. त्याच्या बदल्यात मी गरिबाला जेवू घालते. शरीर अल्लाची अमानत, ती अशी नासायची नाय."

"तुझा अल्ला ऐकून घेतो. आमची देवी तिखट हाय," यमुना म्हणाली.

"देवी नाय, तुम्ही दोघी तिखट!"

आम्ही हसलो. तेव्हाच मी 'घाल चपला' म्हणायला हवं होतं... म्हटलं नाही. नवस मोडला तर ताप परत येईल, ही भीती.

रस्त्यावरची खडी तळव्यात कधी घुसली, तिला कळलंच नाही. जखम दिसली तेव्हा तिनं हळद भरून ती दसऱ्यापर्यंत लपवली. दवाखान्यातल्या सिस्टर ख्रिस्ती होत्या. डोळे मिटून येशूची प्रार्थना करायच्या, मग पट्टी सोडायच्या. जखम बघून म्हणाल्या, "मावशी, प्रार्थना मी पण करते. पण औषध पण त्यानंच दिलंय ना?" डावा पाय घोट्याच्या वर कापावा लागला.

घरी आणल्यावर मी तिला सरळ विचारलं, "मोडला का नाय गं नवस?"

तिनं कापलेल्या पायावर पांघरूण ओढलं. मग म्हणाली, "मला देवीची भीती नव्हती गो. तुला व्हती. नऊ दिवस तुला झोप लागली नसती."

आठ दिवसांनी ती गेली.

मी चौथी शिकलेली, कुठल्या धर्मात काय लिहिलंय ते मला सांगता येणार नाही. पण देवीनं काही मागितलं नव्हतं, एवढं मला ठाऊक आहे. बोलले मी.

परवा तिच्या घरी गेले. ऑपरेशनच्या आधी, डाव्या पायाला पट्टी असताना, तिच्या मुलानं आणलेल्या मऊ चपला दाराआड होत्या. उजवीवर धूळ, मळ. डावीचा कागदही निघालेला नाही. सून जोड उचलून टाकायला निघाली.

"राहू दे," मी म्हटलं. "मी आले की मला दिसल्या पाहिजेत."