पुसलेलं वाक्य

छापखान्यात त्यांना सगळे काना-मात्राबाई म्हणत. तोंडावर कुणी म्हणायचं नाही, पण बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. उभा जन्म मुद्रितं तपासण्यात गेला होता. औषधाच्या बाटलीवरचा मजकूरसुद्धा त्या हातात पेन्सिल घेऊनच वाचायच्या.

निवृत्तीनंतर त्या घरूनच काम करू लागल्या. त्यासाठी नवऱ्याने घेतलेला कॉम्प्युटर आता म्हातारा झाला होता. चालू केला की आधी घरघरायचा, आणि नीट जागा होईपर्यंत बाईंचा चहा करून पिऊनही व्हायचा. मग नवरा गेला. मुलगी त्याच शहरात आपल्या संसारात होती, दीर दोन गल्ल्या पलीकडे. घरात बाई आणि तो कॉम्प्युटर.

एका दुपारी त्या बालमैत्रिणीला मेल लिहीत होत्या. लिहिता लिहिता हातून निघून गेलं, 'या घरात माझा जीव गुदमरतो. विकून टाकावं आणि तुझ्याजवळ येऊन राहावं.' वाचून पाहिलं, नको वाटलं, पुसून टाकलं. मैत्रिणीला गेली ती फक्त गुडघेदुखी आणि खिडकीतल्या कुंड्यांची खबरबात.

त्याच आठवड्यात दीर आले. चहा फुंकत म्हणाले, "वहिनी, या घरात जीव गुदमरतो का हो तुमचा? एकदम विकायबिकायचं मनात आणू नका. आम्ही काय मेलोय का?"

"कोण म्हणालं तुम्हाला?"

"कोण म्हणणार? आपलं वाटलं."

दिरांचा जीव एरवी वैतागायचा, फार तर कंटाळायचा. गुदमरणं हा त्यांचा शब्दच नव्हता. दुसऱ्याच्या तोंडी घातलेला शब्द बाईंना लगेच ओळखू यायचा, आणि हा तर त्यांचा स्वतःचाच होता. तोही पुसलेला.

त्या दिवसापासून बाईंना घरातलं काहीच सरळ दिसेना. शेजारणीकडे जादा किल्ली असायची. 'कुलूप बदलायचंय' अशी थाप मारून बाईंनी ती परत घेतली. शेजारीण काय ते समजली आणि जिन्यात भेटली तरी बोलेनाशी झाली. पूर्वी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या माणसाचा फोनही बाई उचलेनात. शेवटी त्या ओळखीपाळखीच्या नसलेल्या एका दुकानात गेल्या. दुकानदार मधल्या वयाचा होता, कपाळावर भिंग चढवलेलं.

सगळं ऐकून तो म्हणाला, "काकू, पाठवलेलं कळलं असतं तर मी म्हटलं असतं, पासवर्ड कुणाच्या तरी हाती लागलाय. पण पुसलेलं कळलं म्हणजे तुम्ही दाबलेलं प्रत्येक बटण कुणीतरी टिपून घेतंय. कीबोर्डची वायर मागे जिथे खोचलीय, तिथे मध्ये बोटाच्या पेराएवढा एखादा तुकडा लावलेला आहे का बघा. नसेल तर पाहुणा आत, कॉम्प्युटरमध्येच बसलाय."

बाईंनी टेबल ओढलं, विजेरी घेऊन गुडघ्यांवर बसल्या. धूळ होती, सदऱ्याचं एक हरवलेलं बटण होतं, पण वायर सरळ आत गेलेली. मध्ये काही नव्हतं.

मग दुकानदार घरी आला. आधी त्याने इंटरनेट तोडलं. कॉम्प्युटर सुरू होताना जे जे आपोआप उठतं, त्याची यादी पडद्यावर काढली आणि एकेक नाव वाचू लागला. बाई खांद्यावरून बघत होत्या.

"थांबा. हे काय?"

"प्रिंटर हेल्पर. प्रिंटरचं असतं."

"माझ्याकडे प्रिंटर नाही. आणि यात एक 'पी' जास्त आहे."

दुकानदाराने भिंग डोळ्यावर घेतलं आणि जीभ चावली. ते प्रिंटरचं नव्हतंच. टाइप केलेलं सगळं ते रोज कुठल्यातरी पत्त्यावर पाठवत होतं. पत्ता दिसत नव्हता, पण ते कधी बसवलं ती तारीख दिसत होती. नवरा गेल्यानंतरच्या त्या आठवड्यातली. तेव्हा घर माणसांनी भरलं होतं आणि बाई आतल्या खोलीत पडून होत्या.

म्हणजे चोर घरचाच.

"काढून टाकू?" त्याने विचारलं.

"इतक्यात नको. आधी मला बघायचंय, कोण ते."

"मग इंटरनेट जोडून देतो. पण यावर बँकेचं काही उघडू नका."

दुसऱ्या दिवशी बाईंनी लिहिलं, 'गुरुवारी सकाळी घर बघायला गिऱ्हाईक येणार आहे. अजून कुणाला सांगितलेलं नाही.' आणि पुसून टाकलं.

गुरुवारी त्या खिडकीत बसल्या. दिरांना काय सुनवायचं, ते सगळं तयार होतं. घंटा वाजली. दारात मुलगी होती, धापा टाकत.

"सहज आले," ती म्हणाली आणि बाईंच्या खांद्यावरून आत डोकावली.

"कामाच्या दिवशी, सहज? गिऱ्हाईक नाही आलं, बाळ. ते मी तुझ्यासाठीच लिहिलं होतं."

मुलगी खुर्चीत बसली. नाही म्हणण्याचा प्रयत्नही तिने केला नाही.

"बाबा गेल्यावर तू बोलेनाशीच झालीस, आई. फोन केला की 'बरं आहे', की ठेवलास. तू जिवाचं काही बरंवाईट करशील अशी भीती वाटायची मला."

"आणि माझं वाचलंस म्हणजे मी वाचले असते?"

मुलगी रडू लागली. बाईंनी पाण्याचा पेला पुढे ठेवला, पण जवळ गेल्या नाहीत.

"काळजी होती, मानलं. मग काकांना का सांगितलंस?"

"काका म्हणाले, तू एकटीने घर विकलंस तर..." ती तिथेच थांबली.

"तर काय? काळजी माझी होती की घराची?"

"दोन्हीची," मुलगी म्हणाली. "आधी फक्त तुझी होती."

हे उत्तर बाईंना खरं वाटलं, आणि म्हणूनच जास्त लागलं.

"मी काढून टाकते ते, आत्ता तुझ्यासमोर," मुलगी उठू लागली.

"तू हात लावायचा नाहीस."

दुकानदारानेच ते काम केलं. फोटो आणि कामाच्या फायली बाजूला काढून तपासल्या, डिस्क पार कोरी केली आणि सगळं नव्याने बसवलं. बाईंनी सगळे पासवर्ड बदलले. ते करताना त्याला दुसऱ्या खोलीत बसायला सांगितलं. तो हसत उठला.

दिरांना त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं की घराचं काय करायचं ते मी ठरवीन, आणि ठरलं की तुम्हाला माझ्याच तोंडून कळेल. शेजारणीकडे मात्र त्या स्वतः गेल्या. "माझं चुकलं, मी तुमच्यावर संशय घेतला," म्हणाल्या. शेजारणीने चहा केला, पण किल्ली ठेवून घ्यायला नकार दिला.

घर विकलं नाही. बाई मैत्रिणीकडे राहून आल्या आणि परतल्यावर मुलीला म्हणाल्या, "येत जा. पण सांगून ये." मुलगी येते. दोघी बोलतात, कधी भांडतातही, आणि पूर्वीपेक्षा जास्त बोलतात. पण बाईंनी टेबल फिरवून घेतलंय. आता त्यांची पाठ भिंतीला असते आणि कॉम्प्युटरचा पडदा फक्त त्यांनाच दिसतो. तिथे उजेड कमी पडतो, डोळे दुखतात. मुलगी म्हणते, "अगं आई, खिडकीपाशी घे ना."

"घेईन," बाई म्हणतात. अजून घेतलेलं नाही.