डावा हात खिशात

आमच्या ह्यांच्या प्रत्येक पँटचा डावा खिसा फाटलेला असतो. उजवा ठणठणीत. उघड्या अँप्लिफायरमध्ये उजवा हात घालायचा तेव्हा डावा खिशात, हा ह्यांचा नियम. दोन्ही हात आत गेले तर करंट छातीतून जातो म्हणे. तीस वर्षं माणूस धडधाकट राहिला, त्याचं श्रेय नियमाला. तीस वर्षं खिसे शिवणारीचं नाव कोण घेतो?

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. गिटारचे अँप्लिफायर दुरुस्त करायचे, बाकी काही नाही. कुणी पंखा घेऊन आलं तर हे त्याला दारातूनच वाटेला लावतात. दुरुस्त करून दिलेला डबा पुन्हा तक्रार घेऊन कधी परत आला नव्हता. हाच ह्यांचा मान आणि हाच ताठा.

मागच्या गुरुवारी एक परत आला.

गिटार शिकवणाऱ्या बाईंनी आठवड्यापूर्वीच दुरुस्त करून नेलेला अँप्लिफायर टेबलावर ठेवला. "काका, रागावू नका, पण आवाज वाढवला की बारीक शीळ येते. मुलं कानांवर हात ठेवतात."

ह्यांनी तो चालू केला, बटण पूर्ण फिरवलं, कान लावला. "कुठाय शीळ?"

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी चहा घेऊन दारातच उभी होते आणि ती शीळ माझ्या दातांत जाऊन बसली होती.

"अहो, येतेय की! केवढी कर्कश!"

ह्यांचा चेहरा खर्रकन उतरला. बाईंना "उद्या या," एवढंच म्हणाले. त्या गेल्यावर दारावरची पाटी काढली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवून दिली. "बारीक आवाज माझ्या कानांतून गेले. आता लोकांची वाद्यं बिघडवत बसू का? दुकान बंद."

आत्ता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दोन वर्षं दाराची बेल वाजायची आणि हे ढिम्म. मी करवादायचे, "माणूस दारात ताटकळतोय, पण साहेबांना उठायला नको!" ह्यांना ती ऐकूच येत नव्हती, आणि मी मेली भांडत होते. रडू आलं मला. मग रडण्याचाच राग आला.

"उठा," मी म्हटलं. "हात तुमचे, कान माझे."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"तीस वर्षं ह्या डब्यांनी माझं डोकं उठवलंय. शीळ कळते, बास झालं."

मी स्टूल ओढून बसले. ह्यांनी मागची फळी काढली, डावा हात खिशात घातला आणि उजव्या हातातल्या लाकडी काडीने आतल्या तारा एकेक करून हलवायला लागले.

"आता?"

"आहे."

"आता?"

"आहेच."

अर्धा तास हेच. माझी पाठ भरून आली.

"आता?"

"वाढली! अहो, तिथंच, तिथंच!"

ह्यांनी ती तार काडीने हळूच बाजूला सरकवली. शीळ चिडीचूप.

"गेली," मी म्हटलं.

"नक्की?" कामातलं काही ह्यांनी मला आजवर कधी विचारलं नव्हतं.

"तुमच्या हातच्या चहाबद्दल खोटं बोलले असेन. ह्यात नाही."

दोन तारा एकमेकींना खेटून बसल्या होत्या. मागच्या दुरुस्तीत ह्यांनीच तशा बसवलेल्या. पूर्वी असं झालं असतं तर जागच्या जागी पकडलं असतं. माझ्या शिवणातला दोरा मागून घेतला आणि तार तिच्या जागेवर बांधून टाकली. वर पुटपुटले, "सोमवारी कानाच्या डॉक्टरकडे जाऊन येतो." मी पाटी उचलून परत दारावर लावली.

शुक्रवारी बाई आल्या. आवाज पूर्ण वाढवून गिटार वाजवली आणि म्हणाल्या, "मला तर छान वाटतंय. काका, तुम्हाला?"

"मला नका विचारू," हे म्हणाले. "हिला विचारा. हिने हो म्हटल्याशिवाय इथून काही बाहेर जात नाही."

फळी बंद होती, तरी ह्यांचा डावा हात खिशातच होता. डोळे अँप्लिफायरवर नाहीत, माझ्या तोंडावर. मी नीट ऐकलं. दोनदा ऐकलं. मग मान हलवली, आणि तेव्हा कुठे ह्यांनी हात बाहेर काढला.