गुलालीचे डोळे

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशीही नाही — आणि त्याला तर मी ऑफिसातली भांडणंसुद्धा तिखटमीठ लावून सांगते. मग हेच का नाही? कारण ऐकणाऱ्याला माझी बाजू घेता येईल असं यात काही नाही. मी पुष्कळ शोधलं.

२००५च्या हिवाळ्यात सासूबाई नागपूरहून आमच्याकडे, न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला, सहा महिन्यांसाठी आल्या. सासरे जाऊन वर्ष झालं होतं. नवरा पहाटेच न्यूयॉर्कची ट्रेन पकडायचा, मीही ऑफिसला. दिवसभर त्या एकट्या, बाहेर बर्फ, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मग माणूस काय करणार? स्वयंपाकघरात शिरणार. माझे डबे हलले, मिसळणाचा डबा उजवीकडून डावीकडे गेला, आणि आमटीतला गूळ बंद झाला. मी पुण्याची, मला त्या गुळाशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. "एवढं गोड खाऊन तुम्ही लोक बोलता कसे इतकं तिखट?" असं त्या विचारायच्या. थट्टाच होती. पण मला झोंबायची, आणि मी धुमसत राहायचे.

सुटका केली ती शेजारच्या रूथने. सत्तरीची, एकटी राहणारी बाई. हिवाळाभर पक्षी पाहायचे आणि मोजायचे हा तिचा नाद. सासूबाई तासन्‌तास खिडकीशी बसलेल्या तिने पाहिल्या असाव्यात. एका शनिवारी ती आली आणि आमच्या मागच्या अंगणात पक्ष्यांसाठी फीडर टांगून गेली — दाण्यांनी भरलेली उभी नळी, चोच घालायला तिला भोकं. स्वतःची जुनी दुर्बीणही दिली. जाताना मला दाराशी थांबवून तिने बजावलं, की हे दर पंधरवड्याला ब्लीचच्या पाण्याने धुवायचं. आणि सुजलेल्या डोळ्यांचा पक्षी दिसला तर त्याच क्षणी खाली उतरवायचं. फिंच नावाच्या चिमणीएवढ्या पक्ष्यांत डोळ्यांची साथ आहे, एकाच भोकात डोकी घालून ती एकाची दुसऱ्याला लागते. मी मान डोलावली. सासूबाईंना सांगते म्हणाले.

नाही सांगितलं. आधी विसरले, हे खरं आहे. पण विसरणं किती दिवस पुरतं?

सासूबाई मात्र बदलल्या. छातीवर लाली असलेले ते फिंच त्यांना फार आवडले. कुणीतरी मूठभर गुलाल उधळल्यासारखे दिसतात म्हणून त्यांनी त्यांचं नाव ठेवलं गुलाली. सकाळी रूथ आपल्या अंगणात आली की या शाल गुंडाळून, पायमोज्यांवर सपाता चढवून बाहेर. ती बोट दाखवून इंग्रजीत काही सांगायची, या बोट दाखवून मराठीत काही सांगायच्या, आणि दोघी हसायच्या. मग रूथ चहाला येऊ लागली. नागपूरला बहिणीशी फोनवर बोलताना सासूबाई म्हणाल्या, "अगं, माझी मैत्रीण आहे इथे, रूथबाई." सासरे गेल्यापासून त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. मला बरं वाटलं — त्यांच्यासाठी? थोडं त्यांच्यासाठी. जास्त करून माझं स्वयंपाकघर मला परत मिळालं म्हणून.

जानेवारीत एका संध्याकाळी मी ऑफिसातून आले, तर त्या खिडकीशी उभ्याच.

"अगं बाई, इकडे ये. या गुलालीचे डोळे आले वाटते. कधीची बसून राहिली, उडतच नाही."

मी पाहिलं. एक डोळा सुजून बंद झालेला, कडेला खपली. बाकीचे येत होते, जात होते, ती मात्र दांडीला धरून बसलेली, भलत्याच बाजूला मान करून. मला लगेच कळलं. रूथचा शब्द न्‌ शब्द आठवला.

"थंडीने होतं तसं, आई," मी म्हणाले.

का म्हणाले? फीडर खाली आला की त्या पुन्हा ओट्याशी येणार, म्हणून. आमटीतल्या गुळासाठी मी पाखरं आंधळी होऊ दिली. हसू येतं ना? दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर मलाही आलं असतं.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. घरी आले की कोट काढायच्या आधी मी खिडकीकडे बघायचे. एकीच्या दोन झाल्या, मग आणखी. एक उडाली ती सरळ काचेवर आपटली. त्या कडाक्याच्या थंडीत दोघींची अंगणातली भेट आणि चहा बंद होता. सासूबाई रोज विचारायच्या, "रूथबाईंना विचारू का?" आणि मी रोज म्हणायचे, मी विचारते. त्या बिचाऱ्या जास्त दाणे भरत होत्या, आजाऱ्याला खायला तरी मिळावं म्हणून. मला रात्री आवाज ऐकू यायचा, काचेवरचा. सकाळी उठून फीडर उतरवायचा असं ठरवायचे. सकाळी ऑफिसला उशीर झालेला असायचा.

रविवारी बेल वाजली. दारात रूथ, हातात पेपर टॉवेल, त्यात मेलेली गुलाली. आमच्या फीडरखाली सापडली होती. रूथने स्वतःचे फीडर आठवडाभरापूर्वीच उतरवले होते आणि साथ कुठून येते हे शोधत होती. तिचा आवाज शांत होता. तिने मला विचारलं, तू यांना सांगितलं नव्हतंस का?

सासूबाई माझ्या शेजारीच होत्या. मैत्रीण आली म्हणून त्यांनी लगबगीने बशीत चिवडा काढून आणला होता. पेपर टॉवेलमध्ये काय आहे ते त्यांना अजून दिसलं नव्हतं. त्या हसत होत्या.

मी म्हणाले, "आय टोल्ड हर. मेनी टाइम्स. शी डझन्ट लिसन."

त्यांच्यासमोर. त्यांच्या हातात ती बशी असताना.

रूथने त्यांच्याकडे पाहिलं. मग मान वळवली, मागे जाऊन फीडर काढला आणि घेऊन गेली. चिवड्याला हात लावला नाही. सासूबाई बशी धरून दारात उभ्याच राहिल्या. थंड वारा आत येत होता आणि मला दार लावायचं सुचत नव्हतं.

त्यानंतर रूथ आली नाही. सासूबाई सकाळी शाल घेऊन बाहेर जायच्या, हात हलवायच्या. रूथही हात हलवायची, शेजारधर्म म्हणून, आणि आत जायची. हळूहळू त्यांनी बाहेर जाणं सोडलं. आणि गंमत बघा, स्वयंपाकघरातही त्या परत आल्या नाहीत. दुर्बीण मांडीवर घेऊन रिकाम्या अंगणाकडे बघत बसायच्या. मी आमटीत हवा तेवढा गूळ घालत होते. त्या न बोलता जेवत होत्या.

एप्रिलमध्ये नेवार्क विमानतळावर त्यांना व्हीलचेअरवर बसवलं. नवरा बॅगांमागे गेला होता. त्यांनी माझा हात धरला.

"रूथबाईंना एक सांगशील? म्हणावं, मला कोणी सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर ऐकलं असतं मी."

म्हणजे त्या दिवशी दारात मी काय बोलले ते कळण्याएवढं इंग्रजी त्यांना येत होतं. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. निरोप होता फक्त.

"सांगते, आई," मी म्हणाले.

नागपूरहून फोनवर त्यांनी विचारलं, सांगितलंस? मी म्हणाले, हो, लगेच सांगितलं. वर जोडलं, रूथबाई म्हणाल्या, मनात काही ठेवू नका. सासूबाई किती खूश झाल्या! तो आनंद मला फोनवर ऐकू येत होता. दिवाळीनंतर कुणाबरोबर तरी त्यांनी एक पुडकं पाठवलं. त्यात लोकरीची टोपी होती, करड्या रंगाची, एका बाजूला विणलेला लाल पक्षी. रूथबाईंसाठी. पहाटे कान उघडे टाकून फिरतात त्या.

रूथ तेव्हा शेजारीच होती. मधे फक्त कुंपण. पण टोपी द्यायची तर का दिली ते सांगावं लागलं असतं. मी नागपूरला कळवलं, दिली, फार आवडली, रोज घालतात. पुढे २००८मध्ये रूथ घर विकून मुलीकडे निघून गेली. जाताना तिने मला सासूबाईंचं विचारलंही नाही. सासूबाई त्याच वर्षी वारल्या. शेवटपर्यंत त्या सगळ्यांना सांगायच्या, अमेरिकेत माझी एक मैत्रीण आहे, ती मी विणलेली टोपी घालते.

टोपी माझ्याकडेच आहे. बर्फ उपसताना मी घालते. चांगली ऊबदार आहे.